विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे उत्तर आता का चालणार नाही?

बॅकअप घेतला की जबाबदारी संपली, असा समज अनेक कार्यालयांत आहे. गेल्या काही वर्षांतील मोठ्या बिघाडांनी तो खोटा ठरवला. संगणक दुरुस्त करणे आणि तोवर काम सुरू ठेवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाची तयारी आपल्याकडे अजूनही तोकडी आहे.

शुक्रवार, १९ जुलै २०२४. सकाळची वेळ होती. देशातील विमानतळांवर अनेक काउंटरवरचे संगणक एकाएकी निळे पडले आणि पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. रांगा वाढल्या, उड्डाणे रखडली, एकट्या इंडिगोला सुमारे २०० उड्डाणे रद्द करावी लागली. काही ठिकाणी कर्मचाऱ्यांनी पेन काढले आणि प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले. त्या पासचे फोटो दिवसभर मोबाइलवर फिरले. ‘हाच का डिजिटल इंडिया’ अशी थट्टाही झाली.

प्रत्यक्षात त्या सकाळी अनेक प्रवाशांना विमानात बसवले ते त्या चिठ्ठीनेच. संगणक बंद असताना प्रवाशाचे नाव, आसन आणि उड्डाण क्रमांक कागदावर लिहून देता येतो, हे कोणाला तरी ठाऊक होते आणि तसे करण्याची परवानगीही होती. ‘बिझनेस कंटिन्युइटी’ किंवा कार्यसातत्य या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच आहे. यंत्रणा पडली तरी काम पडू द्यायचे नाही.

नेमके काय घडले होते?

‘क्राउडस्ट्राइक’ या अमेरिकी सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक सदोष अपडेट पाठवले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी ते सुटले आणि १० वाजून ५७ मिनिटांनी मागे घेण्यात आले. म्हणजे चूक अवघ्या ७८ मिनिटांत थांबवली गेली. मात्र तेवढ्या वेळात, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना फटका बसला होता. विंडोजवर चालणाऱ्या एकूण संगणकांच्या तुलनेत हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते. पण ते संगणक विमान कंपन्या, रुग्णालये, बँका आणि वृत्तवाहिन्यांचे होते.

हा सायबर हल्ला नव्हता. माहिती चोरीला गेली नाही, पुसलीही गेली नाही. तरी दिवसच्या दिवस गेले, कारण बंद पडलेला संगणक नेटवर्कवरून दुरुस्त होत नव्हता. बहुतेक ठिकाणी प्रत्येक संगणकाजवळ जाऊन तो ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा आणि सदोष फाइल काढायची, असे काम होते. अनेक संगणकांची डिस्क कुलूपबंद होती आणि ती उघडण्यासाठी लांबलचक रिकव्हरी की लागत होती. काही ठिकाणी या किल्ल्यांची यादी ज्या सर्व्हरवर होती, तोच बंद होता. तिजोरीची किल्ली तिजोरीतच राहावी, तसा हा प्रकार.

अमेरिकेतील डेल्टा एअरलाइन्सने पाच दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द केली. तिच्या प्रमुखांनी नुकसानीचा आकडा ५० कोटी डॉलर सांगितला. तेथील इतर कंपन्या तुलनेने लवकर सावरल्या. डेल्टाचे घोडे अडले ते कोणता वैमानिक आणि कोणते कर्मचारी कुठे आहेत, याचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. विमाने होती, वैमानिक होते, प्रवासीही होते. त्यांची गाठ घालून देणारी यंत्रणा साचलेल्या कामाखाली दबली होती. संगणक सुरू झाला म्हणजे काम सुरू झाले असे होत नाही, हे यातून दिसले.

बॅकअप आहे, मग योजना कशाला?

या विषयात तीन गोष्टींची सर्रास गल्लत होते. बॅकअप म्हणजे माहितीची प्रत. ‘डिझास्टर रिकव्हरी’ म्हणजे बंद पडलेली यंत्रणा दुसऱ्या जागी किंवा नव्याने उभी करण्याची व्यवस्था. आणि कार्यसातत्य म्हणजे यंत्रणा उभी राहीपर्यंत ग्राहक, रुग्ण, विद्यार्थी, शेतकरी यांचे काम कसे चालेल याची आखणी. पहिल्या दोन गोष्टी आयटी विभागाच्या अखत्यारीत येतात. तिसरी साऱ्या संस्थेची असते. त्यामुळे ती अनेकदा कोणाचीच राहत नाही.

बॅकअप असणे आणि तो उपयोगी पडणे यातही अंतर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या सॉफ्टवेअर कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली. कंपनीकडे माहितीच्या प्रती ठेवण्याच्या एक-दोन नव्हे, पाच पद्धती होत्या. ऐनवेळी त्यातली एकही भरवशाने चालेना. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्तीतील फरकामुळे होतच नव्हता आणि तो फसल्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले. मधल्या सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने सारा प्रकार न लपवता लोकांसमोर मांडला, दुरुस्तीचे थेट प्रक्षेपणही केले. त्यामुळे आज तो जगभर धडा म्हणून सांगितला जातो.

दुसरी गल्लत ‘सिंक’ आणि बॅकअप यांची. मोबाइलमधील फोटो आपोआप क्लाउडवर जातात, तशाच कार्यालयातील फाइल्सही जातात. परंतु सिंक ही आरशासारखी व्यवस्था आहे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, इकडे ती व्हायरसने कुलूपबंद केली की तिकडेही तेच होते. खरा बॅकअप जुन्या तारखेचा असतो, मूळ यंत्रणेपासून तोडलेला असतो आणि शक्यतो दुसऱ्या ठिकाणी असतो.

हे ‘दुसरे ठिकाण’ किती महत्त्वाचे, ते दक्षिण कोरियाने अनुभवले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचे काम सुरू असताना आग लागली. खबरदारी म्हणून शेकडो सरकारी यंत्रणा बंद कराव्या लागल्या. सरकारी कर्मचारी आपल्या फाइल्स ज्या सामायिक क्लाउडवर ठेवत होते, त्यातील ८५८ टेराबाइट माहिती जळाली. ती इतकी मोठी होती की तिचा बॅकअप बाहेर ठेवलेलाच नव्हता. तंत्रज्ञानात जगाच्या पुढे असलेल्या देशाची ही गत. मग इमारतीच्या तळमजल्यावर सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची हार्ड डिस्क ठेवणाऱ्यांनी विचार करायला हवा. पुराचे पाणी आणि आग मूळ आणि प्रत असा भेद करत नाही.

किती वेळ बंद परवडेल?

योजनेची सुरुवात दोन प्रश्नांपासून होते. एक, हे काम जास्तीत जास्त किती वेळ थांबलेले चालेल? दोन, किती वेळच्या नोंदी गेल्या तर निभावेल? तांत्रिक भाषेत पहिल्याला ‘आरटीओ’ म्हणतात (इथे परिवहन कार्यालयाचा संबंध नाही) आणि दुसऱ्याला ‘आरपीओ’. शब्द अवघड वाटले तरी हिशेब सोपा आहे.

गावातील दूध संकलन केंद्राचे उदाहरण घ्या. सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी उत्पादक कॅन घेऊन येतात. वजनकाटा, फॅट मोजणारे यंत्र आणि संगणक एकमेकांना जोडलेले असतात, हातात छापील पावती पडते. संगणक बंद पडला म्हणून गायी-म्हशी थांबत नाहीत आणि दूधही टिकत नाही. टँकर येण्याआधी ते मोजून घ्यावेच लागते. म्हणजे मोजमाप आणि नोंद या कामाला बंद राहण्याची मुभा जवळपास शून्य. दहा दिवसांचे बिल काढणे एखादा दिवस पुढे जाऊ शकते. वार्षिक अहवाल आठवडाभर थांबला तरी कोणाचे अडत नाही.

आता दुसरा प्रश्न. बॅकअप रात्री एकदाच होत असेल आणि संगणक संध्याकाळी जळाला, तर त्या दिवसाच्या दोन्ही वेळच्या नोंदी गेल्या. कोणाचे किती लिटर आणि किती फॅट, यावरून वाद होणार. पावतीची दुसरी प्रत केंद्रात राहत असेल, तर तो वाद तिथेच मिटतो. या प्रतीचा खर्च कागदाच्या एका गुंडाळीएवढा आहे.

हीच वर्गवारी रुग्णालय, पतसंस्था, औषध दुकान किंवा एमआयडीसीतील सुटे भाग बनवणारा कारखाना, अशी कुठेही लावता येते. सगळेच तातडीचे असे म्हणणाऱ्या संस्थेकडे ऐनवेळी कोणताच क्रम नसतो. मग ज्याचा आवाज मोठा, त्याचा संगणक आधी दुरुस्त होतो.

कागद पुन्हा बाहेर काढायचा?

होय, आणि त्यात कमीपणा नाही. दिल्लीच्या ‘एम्स’वर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी रॅन्समवेअरचा हल्ला झाला. बाह्यरुग्ण नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, बिले अशी कामे हाताने करावी लागली. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. सुदैवाने एक बॅकअप सर्व्हर सुरक्षित होता. त्यावरून ‘ई-हॉस्पिटल’ची माहिती परत मिळाली. तरीही बहुतांश कामे संगणकावर परतायला दोन आठवडे लागले.

याचा अर्थ असा की बॅकअप होता, चांगला होता आणि उपयोगीही पडला. त्याने माहिती वाचवली. पण ते दोन आठवडे निभावले ते कागदाने, पेनाने आणि रांगेसमोर उभ्या असलेल्या कर्मचाऱ्यांनी. बॅकअपलाच योजना समजणाऱ्यांच्या हिशेबात हे दोन आठवडे कुठेच नसतात.

कागदावर काम करणे ही मात्र आयत्या वेळी सुचण्याची गोष्ट नाही. जुने बाबू निवृत्त झाले. आजच्या अनेक तरुण कर्मचाऱ्यांनी हाताने पावती फाडलेली नाही की खतावणी लिहिलेली नाही. कोरे फॉर्म छापून ठेवावे लागतात आणि संगणकात पुढे जी माहिती भरायची तीच त्यात, त्याच क्रमाने असावी लागते. प्रत्येक काउंटरच्या पावतीपुस्तकाला वेगळी क्रममालिका लागते, नाहीतर दोन माणसांना एकच क्रमांक जातो. दरपत्रक आणि महत्त्वाचे फोन क्रमांक छापील हवेत. अशा यादीत लोकांची खासगी माहिती असेल, तर ती कुलपात ठेवायला हवी.

यंत्रणा सुरू झाल्यावरचे काम तर बहुतेक जण विसरतात. कागदावरच्या नोंदी संगणकात कोण चढवणार, त्या कोण तपासणार आणि तोवर रोजचे काम कोण करणार? डेल्टाचे पाच दिवस या साचलेल्या कामातच गेले. त्याची माणसे आणि वेळ आधीच योजनेत धरावी लागते.

बिघाड दुसऱ्याच्या घरी झाला तर?

आज लहान संस्थांचे सर्व्हर बहुधा त्यांच्या इमारतीत नसतात. सॉफ्टवेअर एका कंपनीचे, क्लाउड दुसऱ्या कंपनीचा, पेमेंटची जोडणी तिसऱ्याची. सहकारी बँकांचे जाळे दाट असलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ नीट समजायला हवा.

जुलै २०२४ च्या अखेरीस ‘सी-एज टेक्नॉलॉजीज’ या कंपनीच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअर हल्ल्याचा परिणाम झाला. ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा देते. संसर्ग देशाच्या पेमेंट जाळ्यात पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयके महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, ३१ जुलै रोजी या कंपनीची जोडणी तात्पुरती तोडल्याचे जाहीर केले. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांची यूपीआय आणि एटीएमसारखी सेवा त्यामुळे थांबली. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

जोडणी तोडण्याचा निर्णय योग्य होता. साथ आली की विलगीकरण करावे लागते. देशाच्या एकूण व्यवहारांत या बँकांचा वाटाही अगदी लहान. पण ज्याचे एकमेव खाते अशा बँकेत आहे, त्याच्यासाठी ती शंभर टक्के बंद होती. खताचे पैसे, दवाखान्याचे बिल, मुलाची फी असे त्या दिवशीचे व्यवहार अडले ते खातेदाराची किंवा बँकेच्या शाखेची काहीही चूक नसताना.

म्हणून बाहेरची सेवा घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने करारावर सही करण्याआधी विचारायचे प्रश्न साधे आहेत. तुमची यंत्रणा पडली तर आम्हाला किती मिनिटांत कळवाल? पर्यायी केंद्र कुठे आहे आणि त्यावर शेवटचा सराव कधी झाला? आमच्या माहितीची प्रत आम्हाला स्वतंत्रपणे मिळेल का? जोडणी तुटल्यावर शाखेतच रोख देता यावी, यासाठी खात्यांतील शिलकीची आदल्या दिवशीची यादी आमच्या हाती असेल का? सेवा स्वस्त मिळाली आणि या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत, तर ती स्वस्त नसते.

उरणच्या बंदरात काय घडले होते?

बाहेरून आलेल्या संकटाचा आणखी एक अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हे घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरले. काही तासांतच ते डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या बलाढ्य जहाज कंपनीत घुसले. या समूहाकडून चालवले जाणारे न्हावा-शेवा येथील जेएनपीटीमधील टर्मिनलही त्यात सापडले. युक्रेनमधल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमुळे उरणमध्ये कंटेनर अडकले.

मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे दावोसच्या व्यासपीठावर सांगितलेले आकडे बोलके आहेत. कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अॅप्लिकेशन नव्याने बसवावी लागली. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले. तरी त्या दहा दिवसांत माल वाहतुकीत घट झाली ती २० टक्के. उरलेले ८० टक्के काम माणसांनी हाताने, वैयक्तिक फोनवरून, व्हॉट्सअॅप आणि एक्सेलवर चालवले.

त्या ८० टक्क्यांचे श्रेय कर्मचाऱ्यांना द्यायलाच हवे. मात्र या कथेत एक अस्वस्थ करणारा भागही आहे. कर्मचाऱ्यांची ओळख आणि परवानग्या सांभाळणारे कंपनीचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते. हल्ल्यात सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यातून बाहेर होता. त्यातील माहिती विमानाने लंडनला नेण्यात आली आणि तिच्यावरून साऱ्या जगातील यंत्रणा पुन्हा उभी राहिली.

भारनियमनाने एवढ्या मोठ्या कंपनीला वाचवले, असे म्हणून हसता येईल. पण नशीब म्हणजे योजना नव्हे. जाळ्यापासून तोडलेली एक प्रत ठेवणे हे ठरवून करायचे काम होते. ते वीज गेल्यामुळे झाले.

सराव कशासाठी?

कागदावरची योजना खरी की खोटी, हे फक्त सरावातच कळते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईतील राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी ११.४० वाजता दूरसंचार जोडणीतील बिघाडानंतर थांबले. ते सुरू झाले दुपारी ३.४५ वाजता. पर्यायी केंद्र असताना बाजार चार तास बंद का राहिला, हा प्रश्न तेव्हा साऱ्या गुंतवणूकदारांनी विचारला. पुढच्याच महिन्यात ‘सेबी’ने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत ती आपत्ती म्हणून जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचे.

शेअर बाजारात रस असणाऱ्यांना २ मार्च आणि १८ मे २०२४ हे दोन शनिवार आठवत असतील. सुट्टीच्या दिवशी बाजार उघडला होता. पहिले सत्र मुख्य केंद्रावरून झाले आणि दुसरे पर्यायी केंद्रावरून. तो सराव होता, खऱ्या पैशांचा आणि खऱ्या व्यवहारांचा. बंद दाराआड केलेल्या चाचणीपेक्षा तो जास्त विश्वासार्ह ठरतो.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांसाठी असा सराव सहा महिन्यांतून एकदा तरी करावा लागतो. हे निर्देश प्रामुख्याने व्यापारी बँका आणि मोठ्या बिगरबँक वित्तीय कंपन्यांसाठी आहेत. लहान संस्थांनी आपल्याला सक्ती नाही असे म्हणून मोकळे होऊ नये. आग लागली की ती परिपत्रक वाचत नाही.

पहिल्या तासात काय करावे?

बिघाड झाला की पहिली धावपळ संगणक बंद-चालू करण्याची होते. हल्ला असेल तर त्याने नुकसान वाढू शकते. संशयास्पद संगणक आधी नेटवर्कपासून तोडावा. तो घाईने फॉरमॅट करू नये, पुरावे त्यातच असतात. सायबर घटनांची माहिती सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला देणे एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा मदत क्रमांक आहे.

त्याच वेळी दुसऱ्या कोणीतरी ग्राहकांकडे पाहायला हवे. ‘आता कागदावर काम सुरू करा’ हा आदेश कोण देणार, तो रजेवर असेल तर कोण देणार, हे आधी ठरलेले हवे. साहेबांचा फोन लागेना म्हणून तास-दोन तास काउंटर बंद राहतात. हा बिघाड तंत्राचा नसतो. बाहेर काय सांगायचे, हेही एकाच माणसाने ठरवावे. ‘लवकरच सुरू होईल’ या वाक्याने रांगेतला माणूस अडकून पडतो. ‘दुपारी दोनपर्यंत सुरू होणार नाही, तोवर एवढी कामे हाताने होतील’ असे सांगितले तर तो आपला दिवस ठरवू शकतो.

लहान संस्थेला हे परवडेल का?

‘एवढा पैसा आणायचा कुठून’ हा आक्षेप रास्त आहे. दुसरे डेटा सेंटर उभारणे प्रत्येकाच्या आवाक्यातले नाही आणि त्याची गरजही नाही. पुढील पाच गोष्टींना मात्र पैशांपेक्षा वेळ जास्त लागतो.

१. कामांची यादी करा. कोणते काम किती तास थांबू शकते, ते प्रत्येकापुढे लिहा.

२. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातील एक दुसऱ्या जागी ठेवा. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असू द्या.

३. महिन्यातून एकदा बॅकअपमधील एखादी फाइल प्रत्यक्ष उघडून पाहा. उघडली नाही, तर तो बॅकअप नाही.

४. एका पेटीत कोरे फॉर्म, पावतीपुस्तके, दरपत्रक, सेवा पुरवठादारांचे क्रमांक आणि पासवर्ड परत मिळवण्याची माहिती कागदावर ठेवा. पेटी कुठे आहे ते किमान दोघांना ठाऊक हवे.

५. संगणक सांभाळणारी एकच व्यक्ती असेल, तर तिला पर्याय तयार करा. सगळे पासवर्ड एकाच डोक्यात असणे हाही मोठा धोका आहे.

यातले काहीही परिपूर्ण संरक्षण देत नाही. काही गोष्टी गैरसोयीच्याही आहेत. पेटीतील फॉर्म जुने होतात, फोन क्रमांक बदलतात, सरावाच्या दिवशी काम मंदावते. गेल्या वर्षी काहीच झाले नाही, मग हा खटाटोप कशाला, असेही कोणी विचारेल. विमा काढणाऱ्यालाही दरवर्षी हाच प्रश्न पडतो.

प्रश्न उत्तरदायित्वाचा

गेल्या दशकात पासबुक, केसपेपर, सातबारा, हजेरीपट, पावती असे जवळपास सारे काही संगणकावर गेले. सोय झाली, वेळ वाचला, काही ठिकाणी हेलपाटे आणि चिरीमिरीही कमी झाली. पण जुनी कागदी वाट बंद करताना ती कधी लागली तर काय, याचा विचार फारसा झाला नाही. त्याची किंमत मोजतो तो रांगेतला शेवटचा माणूस. एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला आलेल्याला ‘उद्या या’ याचा अर्थ आणखी एक मजुरी बुडणे असा असतो. कोणत्याही कंपनीच्या नुकसानीच्या आकड्यात ती धरलेली नसते.

म्हणून ही जबाबदारी आयटी विभागावर ढकलून चालणार नाही. ती संचालक मंडळाची आहे, अधीक्षकाची आहे, मालकाची आहे. ताळेबंदावर जशी सही होते, तशी ‘यंत्रणा बंद असताना आम्ही या कामांसाठी तयार आहोत, शेवटचा सराव अमुक तारखेला झाला’ या ओळीखालीही वर्षातून एकदा सही व्हायला हवी. ज्या संस्थेत लोकांचे पैसे किंवा प्राण गुंतले आहेत, तिथे ही तारीख भिंतीवर लावायलाही हरकत नसावी.

सुरुवात साधीच करता येईल. येत्या महिन्यातील कमी गर्दीचा एखादा दिवस निवडा, आधी सूचना द्या आणि अर्धा तास संगणक न वापरता काम करून पाहा. कोणता फॉर्म नाही, कोणाचा क्रमांक कोणाकडे नाही, कोण कोणाची वाट पाहत थांबले, याची यादी त्या अर्ध्या तासात तयार होईल. ती यादी हाच योजनेचा पहिला मसुदा असेल. सर्व्हर डाऊन होणे पूर्णपणे टाळता येणार नाही. पण काउंटरवरचा कर्मचारी ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे म्हणेल, तेव्हा त्याचे पुढचे वाक्य ‘उद्या या’ न होता ‘हा फॉर्म भरा’ असे असावे.